मोठ्या टाकीतला फेस

"प्या ना मग! एवढं स्वच्छ आहे तर प्या. माझ्यासमोर."

"पिते की. पाण्याला घाबरते असं वाटलं काय तुम्हाला?"

"पाणी म्हणताय याला? फेस बघा फेस! दाढी होईल याच्यात."

"करा मग. किती वाढलीय. जेवताना भाताची शितं अडकतात तिच्यात, बघवत नाही मला."

पहिला आवाज माझ्या नवऱ्याचा, दुसरा आईचा. दोघांच्या मध्ये टेबलावर स्टीलचा ग्लास होता. भर समुद्रात नाव कललेली होती म्हणून टेबल कललेलं, टेबल कललेलं म्हणून ग्लासातला फेसही एका अंगाला गेलेला, आणि तो काठावरून ओघळत माझ्या वाटीत पडत होता. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. खाली बसायला दुसरी जागा नव्हती आणि वर जायला माझी पाळी आलेली नव्हती.

"सासूबाई," नवरा म्हणाला. एरवी तो तिला आईच म्हणतो. सासूबाई निघालं तोंडातून, की पारा चढला म्हणून समजायचं. "किती टाकलीत पूड?"

"मापानं टाकली."

"कुठल्या मापानं?"

"हौदाच्या."

"हा हौद आहे?"

"हौदापेक्षा घाण आहे. हौद आम्ही दर आठवड्याला घासायचो. तुम्ही ही टाकी शेवटची कधी धुतलीत?"

आईने ग्लास उचलला, एका दमात संपवला, पालथा ठेवला आणि ओठांवरचा फेस बाहीने पुसला.

"झालं? आता वाद संपला."

वाद खरा तिथे सुरू झाला.

ही शिडाची नाव आमची नाही. आमच्यापाशी स्वतःची एक बादलीसुद्धा नाही. नवऱ्याचा धंदाच तो, लोकांच्या नावा या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर नेऊन पोचवायच्या. मालक विमानाने पुढे जातो, इस्त्रीच्या कपड्यात धक्क्यावर उभा राहतो, आणि आम्ही महासागर ओलांडून, अंगावर मिठाचे पापुद्रे घेऊन, त्याच्या हातात दोर देतो. नवरा कप्तान. मी त्याच्या पाळीला पाळी लावून सुकाणूवर. शिडं आणि दोऱ्या मिशाकाकांकडे. त्यांना या नावाशिवाय दुसरं नाव असेल, पण कोणी विचारलेलं नाही. स्वयंपाकाला एक जण ठरला होता. त्याने निघायच्या आदल्या दिवशी आतला संडास पाहिला, "जरा सामान घेऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

मग मी आईला बोलावलं.

आईने उभा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढला. माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर येऊ शकतं ते सगळं चादरींवर बसून तिच्या हाताखालून गेलं. रक्त, पू, ओकारी, आणि ज्याला तिथे नुसतं "ते" म्हणत ते. तिने कधी नाक मुरडलं नाही. उलट नाक हे तिचं हत्यार. धुऊन वाळलेली चादर ती नाकाशी धरायची, आणि "परत" म्हणायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, अगं, कसलाही वास येत नाही. ती म्हणायची, तुम्हाला येत नाही, आजाऱ्याला येईल. निवृत्त झाली तेव्हा त्या बायकांनी तिला हार-तुरे दिले नाहीत. तिथली धुण्याची पूड दिली, चांगला मोठा डबा भरून. आई त्या डब्याकडे बघून रडली. घरी बसून शेजाऱ्यांचे पडदे मागून आणायची आणि धुवायची.

अशा बाईला किळस कसली येणार, असं नवरा म्हणाला. मिशाकाकाही म्हणाले. सगळ्यांचंच ठरलं तसं.

पहिल्याच दिवशी आईने खाली पाऊल टाकलं, थांबली, आणि म्हणाली, "काय मेलंय इथे?"

"काही नाही मेलं, आई. नावेचा वास असतो असा."

"नावेला वास नसतो. माणसांना असतो. नाव फक्त साठवून ठेवते."

तिने नंतर मला एकदा समजावून सांगितलं. बटाट्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ती नासका बटाटा शोधत होती. "आमच्याकडे घाण यायची ती जायला यायची. गाडीतून आली, हौदात गेली, संपली. इथे ती राहायला आलीय. तीही भाडं न देता." आणि बटाटा मिळाला. म्हणजे साल मिळालं. आतला बटाटा तिच्या बोटांतून पाण्यासारखा निसटला. तो वास त्या दिवशीच्या भाताला होता, दुसऱ्या दिवशीच्या चहाला होता, आणि आता लिहितानाही माझ्या टाळ्याला चिकटलेला आहे.

तिचं चुकीचं नव्हतंच. कितीतरी दिवस चाललेल्या नावेत काय काय असतं ते पुस्तकांत कोणी लिहीत नाही. तिथे सूर्यास्त असतात. इथे खारट टॉवेल असतो, जो वाळल्यासारखं करतो आणि ऊन उतरलं की पुन्हा ओला होतो, आणि ज्याला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो. दोराच्या वेटोळ्याखाली उडता मासा मरून पडलेला असतो, तो पायाला लागतो तेव्हाच कळतं. फळ्यांखाली तळाशी काळं पाणी हिंदकळत असतं, त्यात तेल, कांद्याची सालं आणि सगळ्यांचे केस. संडासाला हातपंप असतो. दांडा वर-खाली, वर-खाली हापसायचा. आळस केला तर मागच्याचं पुढच्याला भेटायला परत येतं. मिशाकाका आळस करायचे.

आणि बिछाने. नाव कललेली असते तेव्हा वरच्या अंगाच्या बिछान्यावरून माणूस गडगडत खाली येतो. म्हणून झोपायच्या लायकीचे खालच्या अंगाचे दोनच. माणसं चार. एक उठला की त्याच जागेत दुसरा आडवा होतो. एक बिछाना माझा आणि नवऱ्याचा. दुसरा मिशाकाकांचा आणि आईचा.

"आयता ऊबदार मिळतो हो," मिशाकाका तिला कौतुकाने म्हणाले.

"तेच तर. कुत्रं उठून गेलेल्या जागेसारखा." आईने उशी दोन बोटांत धरून उचलली. मध्यभागी पिवळं वर्तुळ, त्याच्याभोवती तपकिरी. "काका, तुम्ही डोक्याला तेल लावता की तेलाला डोकं लावता?"

"थोडं लावतो. वाऱ्याने कोरडं पडतं ना."

"आणि मिशीला?"

"मिशीला वेगळं."

आईने उशी दोराला बांधून समुद्रात धुतली. ती वाळली नाही. मग पाळी आली की ती स्वतःच्या बाहीवर डोकं ठेवून, भिंतीकडे तोंड करून, लाकडासारखी ताठ पडून राहायची. मी तिला एकदाही गाढ झोपलेलं पाहिलं नाही.

तरीही सगळं चाललं होतं. ती घासत होती, आम्ही घाण करत होतो. मग मोठ्या टाकीच्या पाण्याला वास यायला लागला.

आधी तिलाच आला. आम्ही म्हटलं, तुला सगळ्यालाच येतो. पुढे चहा मातकट लागू लागला, भाताला तळ्याची चव आली. तेव्हाही नवरा म्हणाला, "टाकी मी स्वतः धुतली होती बंदरात. प्लास्टिकचा वास असेल." त्या दुपारी मोठं शीड वरच्या टोकाशी उसवलं म्हणून आम्ही तिघं वर होतो. आईने खाली टेबलाखालची फळी उचलली, टाकीचं झाकण फिरवलं, आत हात घातला, आणि हात बाहेर काढला तो हिरवा. बोटभर जाडीचं शेवाळ, बुळबुळीत, लोंबणारं. वाटेत धरलेलं नव्हे ते, जुनं, थरावर थर बसलेलं. आम्ही रोज तेच पीत होतो.

बोलावलं तिने, आम्हाला ऐकू आलं नाही. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. सोबत आणलेला पुडीचा डबा काढला. भिंती हात पोचेल तिथवर घासल्या, आणि हौदाला घालतात तशी पूड घालून झाकण लावून टाकलं. मुरायला.

"मुरायला?" मी नंतर विचारलं. "मुरल्यावर काय करणार होतीस?"

"काय म्हणजे? पाणी सोडून द्यायचं आणि स्वच्छ पाण्यानं खळबळून काढायचं."

"कुठल्या पाण्यानं?"

आईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जन्मभर तिच्या हाताशी नळ होता. धुवायचं, मग खळबळायचं, यात मधे विचार करायला जागाच नव्हती. त्या एका क्षणी मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तिला कळलं आहे. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि खळबळायला थेंब नाही. पण तेवढ्यात नवरा वरून ओरडला, "अक्कल गहाण ठेवली होती काय!" आणि आईचं तोंड मिटलं. ते नंतर त्या विषयावर सरळ उघडलंच नाही.

आता हिशोब असा उरला. मोठी टाकी गेली. बिछान्यामागची छोटी टाकी शिल्लक. ती चौघांना ठरलेल्या बंदरापर्यंत पुरणार नाही हे मिशाकाकासुद्धा सांगू शकत होते. वाटेपासून आडबाजूला एक बेट होतं, तिथे धक्का होता, गोडं पाणी होतं. वळायचं आणि टाक्या धुऊन भरून पुढे जायचं, एवढंच. पण वाट सोडायची तर मालकाला सॅटेलाइट फोनवर कारण सांगायचं असा करार.

"सांग ना मग," मी नवऱ्याला म्हटलं.

"काय सांगू? सासूने टाकीत साबण कालवला?"

"टाकी धुतली नव्हती म्हणून सांगा," आई भांडी पुसत म्हणाली.

"धुतली होती!"

"माझ्या हाताला विचारा."

"मग तुम्हीच बोला मालकाशी. लावून देतो फोन. म्हणा, मी पूड टाकली."

"म्हणते. आधी तुम्ही म्हणा, टाकी धुतली नव्हती. तुमचं आधी झालं, माझं नंतर. क्रमाने."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"चोर कोण ते शेवाळाला माहीत आहे."

मी मिशाकाकांकडे पाहिलं. बंदरात पाणी भरताना पाइप त्यांच्या हातात होता. ते मिशी चाटत म्हणाले, "मी आपला दोरीकडे बघत होतो."

झालं. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही, अशी दोन माणसं आणि मधे मी. रोज सकाळी छोट्या टाकीतून प्रत्येकाला एक मगभर पाणी. त्यातच पिणं. तोंड धुणं समुद्राच्या पाण्याने, भातही अर्धा खारट पाण्यात. आमच्या ओठांना चिरा पडल्या. तोंडाला उंदीर मेल्यासारखा वास यायला लागला. एकमेकांशी बोलताना आम्ही मान वळवून बोलायचो, आणि तरी बोलणं थांबत नव्हतं.

आई तिचा मग घेईना.

"मला मोठ्या टाकीतलं चालतं. स्वच्छ आहे ते." तिने आपला मग मिशाकाकांसमोर ठेवला आणि लगेच उचलून परत टाकीत ओतला. "नको, तुम्ही कमी प्यालेलंच बरं. घाम कमी येईल."

"आई, वेडेपणा करू नकोस."

"मी वेडी? ज्यांनी शेवाळ पाजलं ते शहाणे, नाही का?"

"पिऊ दे," नवरा म्हणाला. "कळेल."

ती पीत राहिली. फेस खाली बसेपर्यंत ग्लास टेबलावर ठेवायची, वरचा थर बोटाने काढायची आणि औषध घ्यावं तसं प्यायची, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन. संध्याकाळपर्यंत तिने संडासाला इतक्या फेऱ्या मारल्या की पंपाचा दांडा ढिला झाला. मग उलट्या. बादलीतही फेस. एकदा तिला बादली गाठता आली नाही, आणि नाव त्याच वेळी हेलकावली.

मी गुडघ्यावर बसून पुसत होते. मला स्वतःला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बिछान्यावरून आवाज आला, क्षीण, पण अगदी स्पष्ट.

"तिथे नको, पोरी. फळीच्या खाचेत बघ. खाचेत गेलंय."

"बघते."

"आडवं पुसू नकोस, पसरतं. उभं पूस. आणि फडकं कुठलं घेतलंस? ते भांड्यांचं आहे!"

"आई, गप्प बस!"

"बसते. पण खाचेत बघ."

खाचेत होतं.

मी नवऱ्याकडे गेले. तो वर बसून नखाने दातातलं काढत होता. मी म्हटलं, ती मरेल. तो म्हणाला, "मग म्हणायला सांग. एक वाक्य आहे. म्हणाल्या की त्या क्षणी वळवतो." मी म्हटलं, तू म्हण ना तुझं. तो म्हणाला, "मालकाच्या अजून नावा आहेत. माझं नाव गेलं तर खाणार काय? त्यांचं काय जातं?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि धुतली होती मी. वरून तरी." आणि नखावर जे आलं होतं ते पँटीला पुसलं.

या माणसाबरोबर मी एकाच गादीवर, पाळीने का होईना, झोपते, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

खाली आईला सांगितलं. तिचे डोळे आत गेले होते, ओठांवर पांढरं वाळलं होतं. "एक वाक्य म्हण. पुढचं मी बघते."

"त्याने पाठवलं?"

"मी आले."

"तो म्हणाला धुतली नव्हती म्हणून?"

"वरून धुतली म्हणाला."

"वरून!" ती हसली. हसताना तिला कळ आली, पोट धरून दुमडली, आणि दुमडलेल्या अवस्थेतच म्हणाली, "वरून धुतात म्हणे. आमच्याकडे असल्याला दारातसुद्धा उभं करत नव्हते."

आई वाक्य म्हणणार नव्हती. मी छोट्या टाकीतला मग तिच्या ओठाला लावला, तिने दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तेवढं पाणी आम्ही एका दिवसात पीत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी होती. ऊन असं की डेकवर पाय टेकवत नव्हता, शिडाच्या सावलीत मिशाकाका दोर शिवत होते. नवरा खाली आपल्या, म्हणजे माझ्या, बिछान्यात घोरत होता. आई दुसऱ्या बिछान्यात. दोघांची डोकी एकाच फळीच्या दोन बाजूंना होती. वाऱ्याबरोबर खालून सगळं मिळून एकच वास येत होता. तेल, ओकारी, खारट लोकर, जुना साबण.

मी सुकाणूचा दांडा ढकलला.

मिशाकाकांनी वर पाहिलं. उठले, दोर सोडला, दुसरा ओढला. शीड एकदा मोठ्याने फडफडलं, त्याची आडवी काठी आमच्या डोक्यांवरून पलीकडे गेली, आणि नाव दुसऱ्या अंगावर कलली. इतके दिवस जे एका बाजूला साचलं होतं ते सगळं एकदम दुसरीकडे निघालं. खालून भांडी, बटाटे, बादली, आणि फळ्यांखालचं काळं पाणी, सगळ्यांचे आवाज आले. मग माणसांचे.

नवरा आधी वर आला. कानामागे कांद्याचं साल चिकटलेलं. "काय झालं? कोणी सांगितलं वळवायला?"

"कोणी नाही."

"मग? मालकाला काय सांगू?"

मागून आई आली, चारी हातापायांवर, केस गालाला चिकटलेले, अंगाला तळातल्या पाण्याचा भपका. पायरीला धरून बसली आणि मोठा श्वास घेऊन म्हणाली, "माझ्यासाठी वळवली असशील तर सरळ कर. उद्या लोक म्हणतील, म्हातारीमुळे वाट सोडली."

"बघ! यांनाही नकोय!" नवरा म्हणाला. लग्न झाल्यापासून त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मला नकोय असं नाही," आई म्हणाली. "मला कारण खरं हवंय."

"मलाही खरंच हवंय. हिलाच विचारू. हिने वळवलीय, हीच बोलेल मालकाशी." त्याने खिशातून फोन काढला, त्याच्या बटणांवर मळ होता. "सांग. टाकी कोणी घालवली?"

"हं, सांग," आई म्हणाली. "घाबरू नकोस. मी जन्म दिलाय म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. शेवाळाची घे."

"साबण कोणाचा होता ते आधी."

"शेवाळ आधी होतं. मग साबण. क्रमाने सांग."

"अगं, बोल की! तोंडात काय बोळा घातलाय?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. एकाच वेळी, एकाच रागाने, फुटलेल्या ओठांनी. दोघांच्याही तोंडाचा वास वाऱ्यावर माझ्यापर्यंत येत होता.

मी दांडा मिशाकाकांच्या हातात दिला आणि हाताने बेटाची दिशा दाखवली. त्यांनी मान हलवली आणि दांडा काखेत घट्ट धरला. मग मी आईला ओलांडून, नवऱ्याच्या हातातल्या फोनला खांद्याने बाजूला सारून, पायऱ्या उतरू लागले, फळ्यांच्या खाचा पुसायला.

"कुठे चाललीस? उत्तर तरी दे!" दोघंही एकदम म्हणाले.